पिट्यूटरी आणि हार्मोनच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिट्यूटरी म्हणजे नेमकं काय?

शाळेच्या पुस्तकात ‘पीयूषिका ग्रंथी’ म्हणून वाचलेली तीच ही. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी हाडाची एक खोबण असते, तिच्यात वाटाण्याएवढी बसलेली. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पुढच्या भागातून सहा मुख्य हार्मोन निघतात: थायरॉइडला चालना देणारं टीएसएच, अॅड्रिनल ग्रंथीला जागं ठेवणारं एसीटीएच, बीजकोश आणि वृषणांसाठी एलएच व एफएसएच, वाढीचं ग्रोथ हार्मोन आणि दुधाचं प्रोलॅक्टिन. मागच्या भागात दोन साठवलेली असतात: लघवी आवरून धरणारं व्हॅसोप्रेसिन आणि बाळंतपणात कामाला येणारं ऑक्सिटोसिन.

निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला हार्मोन म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. द्राक्षाला जीए (जिबरेलिक अॅसिड हे वाढीचं संजीवक) किती पीपीएमने (दहा लाख भागांत किती भाग) द्यायचं यात थोडी चूक झाली तरी घड बोलतो. रक्तातलं प्रोलॅक्टिन २० नॅनोग्रॅम प्रति मिली असेल, तर ते २० पीपीएमच्याही हजाराव्या हिश्शाइतकं झालं. इतक्या बारीक मापाच्या रिपोर्टमधला एकटा आकडा फारसं सांगत नाही. तो कुठल्या वेळी घेतला, त्याचा जोडीदार आकडा काय आहे आणि तुम्ही कुठल्या गोळ्या खाताय, हे सोबत असेल तरच त्याला अर्थ येतो.

पिट्यूटरीचा आजार वर्षानुवर्षं लक्षात का येत नाही?

तक्रारी वेगवेगळ्या दारांत वाटल्या जातात म्हणून. पाळी बंद झाली की स्त्रीरोगतज्ज्ञ, डोकं दुखतं म्हणून चष्म्याचा नंबर, शुगर आणि बीपीसाठी फॅमिली डॉक्टर, घोरणं तर घरच्यांच्या चेष्टेचा विषय. प्रत्येक जण आपापल्या तक्रारीवर औषध देतो आणि ते तेवढ्यापुरतं बरोबरही असतं. यातल्या तीन-चार गोष्टी एकाच माणसाला, एक-दोन वर्षांच्या अंतराने लागल्या असतील तर त्या एका कागदावर तारखांसह लिहा आणि तो कागद एकाच डॉक्टरसमोर ठेवा.

माझं टीएसएच नॉर्मल आहे. म्हणजे थायरॉइड ठीकच ना?

बहुतेकांच्या बाबतीत हो. पण हा निष्कर्ष एका गृहीतावर उभा आहे: पिट्यूटरी धड आहे. थायरॉइड मंदावला की पिट्यूटरी टीएसएच वाढवून त्याला ढोसते, म्हणून टीएसएच वाढलेलं दिसतं. पिट्यूटरीच थकली असेल तर ढोसणारच कोणी नाही. मग टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, खाली गेलेलं असतानाही टीएसएच कमी, नॉर्मल किंवा जरासंच वर दिसतं. आरोग्य तपासणीच्या स्वस्त पॅकेजात अनेकदा फक्त टीएसएच असतं, तिथे हा आजार सहज निसटतो. थकवा, थंडी सहन न होणं, पाळी जाणं, बीपी खाली राहणं या गोष्टी सोबत असतील तर ‘फ्री टी-४’ जोडून करून घ्या.

यात दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पिट्यूटरीमुळे थायरॉइड कमी असलेल्या माणसाचा डोस फ्री टी-४ बघून ठरवायचा असतो. गोळी सुरू झाल्यावर त्याचं टीएसएच जवळपास शून्यावर जातं, आणि कोणीतरी ‘डोस जास्त झाला’ म्हणून गोळी निम्मी करतं. दुसरी चूक अधिक धोक्याची: कॉर्टिसोल (अॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) कमी असताना आधी थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू करणं. त्याने शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसोल लवकर संपतं आणि रुग्ण कोसळू शकतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन (गोळीतलं कॉर्टिसोल), मग थायरॉक्सिन, असा हा क्रम आहे.

प्रोलॅक्टिन वाढलंय. डोक्यात गाठ आहे का?

लगेच एमआरआयकडे धावू नका. आधी औषधांचा डबा उघडा. अॅसिडिटीच्या ज्या गोळ्यांच्या नावामागे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ लागलेलं असतं, त्यांत बहुधा डॉम्पेरिडोन असतं. काहींत लेव्होसल्पिराइड असतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारासाठीचं रिस्पेरिडोन हीही त्याच रांगेतली. ही सगळी प्रोलॅक्टिन वाढवतात, कधी १०० च्याही पुढे नेतात. पित्ताची गोळी रोज घेणाऱ्या बाईची पाळी चुकते, प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसतं आणि घरात ‘ट्यूमर’ हा शब्द शिरतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, त्यांचा मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. पोटाची गोळी त्यांच्या सल्ल्याने तीन दिवस बंद ठेवून तपासणी पुन्हा करता येते. मानसोपचाराची गोळी मात्र त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही.

गरोदरपण, अंगावर पाजणं, थायरॉइड मंदावणं, किडनीचा आजार, अगदी सुईची भीती, यांनीही आकडा चढतो. सुईच्या धास्तीने ३०-४० होणं नवलाचं नाही. अर्धा तास शांत बसून पुन्हा रक्त द्या. कधी कधी ‘मॅक्रोप्रोलॅक्टिन’ नावाचा निरुपद्रवी प्रकार आकडा फुगवतो. तक्रार काहीच नसेल तर लॅबला तो तपासायला सांगावं.

ही सगळी कारणं बाजूला झाली आणि आकडा २०० च्या वर असला, तर प्रोलॅक्टिनोमाची, म्हणजे प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या गाठीची शक्यता दाट होते. उलटही घडतं: एमआरआयमध्ये भलीमोठी गाठ आणि प्रोलॅक्टिन किरकोळ वाढलेलं. अशा वेळी लॅबला नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगतात, कारण हार्मोन अतोनात असलं की यंत्रच फसतं आणि कमी दाखवतं.

प्रोलॅक्टिनोमाला ऑपरेशन लागतं का?

बहुतेकांना नाही. कॅबरगोलिनच्या गोळीने आकडा उतरतो आणि गाठही आक्रसते. सुरुवात साधारण ०.२५ मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा. रात्री जेवून घ्या आणि झोपा, म्हणजे चक्कर-मळमळ जाणवत नाही. ही गोळी आठवड्याची आहे, रोजची नव्हे. रोजच्या गोळ्यांच्या पट्टीत मिसळली की चूक ठरलेली. कालनिर्णयवर बुधवार-रविवार असे दोन वार गोल करून ठेवा. पाळी परत येण्याआधीही गर्भ राहू शकतो, म्हणून दिवस राहिल्याचा संशय आला तर लगेच कळवा. क्वचित कोणाला जुगाराची, खरेदीची किंवा कामवासनेची अनावर ओढ लागते. हे बोलायला लोक लाजतात, पण तो गोळीचा ज्ञात परिणाम आहे, स्वभाव बिघडला असं समजू नये.

हार्मोनचं रक्त कधी द्यायचं?

कॉर्टिसोल सकाळी आठला, कारण ते पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं. दुपारी चारचा आकडा बघून कमी-जास्त ठरवता येत नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळी आठ ते दहा, उपाशीपोटी. पाळी येत असेल तर एलएच-एफएसएच पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी. एसीटीएचची नळी काढल्या काढल्या बर्फात ठेवावी लागते. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा ती पिशवीत घालून सिडकोभर फिरवणार असेल तर पैसे वाया गेले. ही एक तपासणी लॅबमध्ये जाऊनच करा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर किमान तीन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना कॉर्टिसोल खोटं जास्त दिसतं.

मुंबईला दाखवायला जाणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघालात तर दादरला उतरेपर्यंत आठची वेळ कधीच टळलेली असते. कॉर्टिसोल आदल्या दिवशी नाशिकमध्येच करून रिपोर्ट सोबत न्या.

एमआरआयमध्ये ६ मिलिमीटरची गाठ लिहिलीय. कॅन्सर आहे का?

नाही, पिट्यूटरीच्या गाठी जवळजवळ सगळ्या साध्या असतात. १० मिलिमीटरपेक्षा लहान म्हणजे ‘मायक्रो’, तेवढी किंवा मोठी म्हणजे ‘मॅक्रो’. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये अशी बारकी गाठ दिसणं अगदी नेहमीचं आहे. हार्मोन ठीक असतील तर ठरावीक काळाने पुन्हा एमआरआय करून नजर ठेवतात. तपासणी ‘पिट्यूटरीचा, कॉन्ट्रास्टसह’ (शिरेतून औषध टोचून) अशीच लिहून घ्या, मेंदूच्या साध्या एमआरआयमध्ये बारकी गाठ हुकते.

नजरेचा याच्याशी काय संबंध?

ग्रंथीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वर वाढली की त्या दाबल्या जातात आणि दोन्ही बाजूंची, कानाकडची नजर जाते. समोरचं अक्षर स्वच्छ दिसतं, म्हणून चष्म्याच्या दुकानात काहीच सापडत नाही. माणूस दाराच्या चौकटीला खांदा घासतो, द्वारका चौकात बाजूने आलेली रिक्षा त्याला दिसत नाही.

घरी तपासायचं तर समोरासमोर हातभर अंतरावर बसा. तुम्ही उजवा डोळा झाका, समोरच्याने डावा. दोघांनी एकमेकांच्या उघड्या डोळ्याकडेच बघायचं. समोरच्याने दोघांच्या मधोमध, बोट हलवत बाहेरून आत आणायचं. त्याला दिसलं आणि तुम्हाला बऱ्याच उशिरा दिसलं तर नेत्रतज्ज्ञाकडे ‘पेरिमेट्री’, म्हणजे नजरेच्या आवाक्याची तपासणी करा. दुसऱ्या डोळ्याचीही अशीच. आणि अचानक आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, उलट्या, पापणी पडणं, दोन-दोन दिसणं किंवा नजर जाणं असं झालं, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा.

अंगठी रुतायला लागली, चपलेचा नंबर वाढला. वय झालं म्हणून?

चाळिशीत पायाचा नंबर सातचा नऊ होत नाही. ग्रोथ हार्मोन वाढलं की हातपाय, जबडा, नाक, जीभ हळूहळू वाढतात. बांगडी दोन-सहाची दोन-दहा लागते, जोडवी निघत नाहीत, खालच्या दातांत फटी पडतात, घाम येतो, घोरणं वाढतं, हाताला मुंग्या येतात, शुगर आणि बीपी लागतात. हा अॅक्रोमेगाली. बदल इतका सावकाश होतो की रोज बघणाऱ्यांना कळत नाही. दहा वर्षांपूर्वीचा आधारकार्डाचा फोटो चेहऱ्याशेजारी धरा.

रक्तातलं ग्रोथ हार्मोन एकदाच मोजून उपयोग नाही, ते लाटांनी येतं. आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारा पदार्थ) करा, वयानुसारच्या मर्यादेशी ताडून. पक्कं करायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दर अर्ध्या तासाने ग्रोथ हार्मोन मोजतात, साखरेने ते दबायला हवं. दबलं नाही तर निदान पक्कं होतं. उपचारात पहिलं पाऊल बहुधा ऑपरेशनच.

चेहरा गोल झालाय, पोट सुटलंय, हातपाय बारीक झालेत. हा कुशिंग का?

कुशिंग म्हणजे शरीरात कॉर्टिसोल फार होणं. साधी जाडी सगळीकडे वाढते. कुशिंगमध्ये वेगळं दिसतं: पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं पडणं, आणि मांडीतला जोर जाणं. उकिडवं बसून हात न टेकता उठता येत नाही. पहिल्या तपासणीत रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड) १ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ च्या दोन गोळ्या घ्यायच्या आणि सकाळी ८ ला कॉर्टिसोल. ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं तर कुशिंगची शक्यता फारच कमी.

पण पिट्यूटरीवर आळ घेण्याआधी स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखं औषध, शोधा. सर्वांत जास्त कुशिंग बाहेरून आलेल्या स्टिरॉइडने होतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, दम्याच्या ‘रामबाण’ गोळ्या, गोरं करणारी किंवा गजकर्णावर वर्षभर लावलेली मलमं, ज्यांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं. दोन दिवसांत गुडघा पळायला लागला तर पुडीत काय आहे ते ओळखावं. अशा पुड्या अनेक महिने घेतल्या असतील तर आज ठरवून उद्या बंद करू नका. बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच उतरवायचं.

बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं. त्याचा आताच्या थकव्याशी संबंध असेल?

असू शकतो, अगदी दहा वर्षांनीही. गरोदरपणात पिट्यूटरी फुगलेली असते आणि तिला रक्त जास्त लागतं. बाळंत होताना रक्तदाब एकदम उतरला तर ती सुकते. ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे मांडलं, म्हणून त्यांचं नाव आजाराला लागलं. विचारायचे प्रश्न दोनच: त्या बाळंतपणानंतर दूध आलं होतं का? पाळी परत सुरू झाली का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल आणि सोबत थकवा, बीपी कमी, काखेतले केस गेलेले, सोडियम वारंवार उतरणं असेल तर सगळे हार्मोन एकदम तपासा. आशाताईंनी हे दोन प्रश्न लक्षात ठेवावेत असं आम्हाला फार वाटतं. अशा बायकांना वर्षानुवर्षं ‘अशक्तपणा’ म्हणून सलाइन लावली जातात.

दुसरं कारण शेतातलं. घोणस चावल्यावर माणूस प्रतिविषाने वाचतो, पण त्या विषाने पिट्यूटरीतही गुठळ्या आणि रक्तस्राव होऊ शकतो. वाचल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो गळाल्यासारखा होतो, दाढी वाढेनाशी होते. डॉक्टरना जुना सर्पदंश आवर्जून सांगा. विशेषतः किडनीवर परिणाम झाला होता असं असेल तर.

हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे. ताप आला तर काय करायचं?

इथे चूक झाली तर जीव जातो, म्हणून हे फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मोठ्यांचा रोजचा डोस साधारण १५ ते २० मिलिग्रॅम, त्यातला मोठा हिस्सा सकाळी उठल्या उठल्या. धडधाकट शरीर आजारपणात कॉर्टिसोल आपोआप वाढवतं, तुम्हाला ते गोळीने वाढवावं लागतं. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की दिवसाचा डोस दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट. ताप उतरेपर्यंत तसंच, नंतर नेहमीचा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घ्या. तीही पडली की तोंडाने घेण्याचा नाद सोडा आणि इंजेक्शन घ्या.

इंजेक्शन म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन सक्सिनेटची १०० मिलिग्रॅमची बाटली. आत पांढरी पूड असते. सोबतचं किंवा मेडिकलमधून आणलेलं २ मिली इंजेक्शनचं पाणी तिच्यात सोडा, पूड विरघळेपर्यंत हलवा, सिरिंजमध्ये ओढा आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात सरळ टोचा. मग हॉस्पिटल, तिथे सलाइन लागेल. शंका आली तरी द्या. एक जादा इंजेक्शन अपाय करत नाही, न दिलेलं करतं. मुलांचा डोस वेगळा असतो, तो आधीच लिहून घ्या. बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये ती तापते. मुदतीची तारीख सहा महिन्यांनी बघा.

दात काढायचा असेल, कोलोनोस्कोपी असेल, कुठलंही ऑपरेशन असेल तर आधी सांगा. पाकिटात मराठीत आणि इंग्रजीत एक चिठ्ठी असू द्या: ‘मला कॉर्टिसोलची कमतरता आहे. बेशुद्ध आढळल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम लगेच द्या.’

उपास, रोजे, वारी चालेल का?

फराळाचा उपास चालतो, गोळ्या वेळेवर घ्यायच्या. निर्जळी उपास करू नका. मालेगावकडच्या रुग्णांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावं. गोळीच्या वेळा सहेरी-इफ्तारकडे हलवण्याचा प्रयत्न काहींना जमतो, अनेकांना जमत नाही, आणि आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहेच. पौषातल्या निवृत्तिनाथांच्या दिंडीला किंवा २०२७ च्या सिंहस्थात गर्दीत जाणार असाल तर तीन दिवसांच्या जादा गोळ्या आणि इंजेक्शन स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत हवं, टेम्पोतल्या सामानात नको.

शुगर नॉर्मल, पण लघवी थांबतच नाही?

लिटरच्या बाटलीने चोवीस तास मोजा. तीन लिटरच्या वर गेली आणि रात्रीही पाणी प्यायला उठावं लागत असेल तर व्हॅसोप्रेसिन कमी असू शकतं. ‘डायबिटीस इन्सिपिडस’ हे याचं जुनं नाव. साखरेच्या डायबिटीसशी घोटाळा होऊन वॉर्डात रुग्णांचं औषध चुकायचं, म्हणून २०२२ मध्ये ते बदलून ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ केलं. डेस्मोप्रेसिनची गोळी किंवा नाकातला स्प्रे लगेच गुण देतो. पण स्प्रे मारूनही सवयीने तांब्यावर तांबे पाणी पीत राहिलात तर सोडियम उतरतं, डोकं दुखतं, झटके येतात. तहान लागेल तेवढंच प्या. पुढचा डोस लघवी पुन्हा भरपूर सुटल्यावर घ्या.

ऑपरेशन डोकं उघडून करतात का?

सहसा नाही. नाकपुडीतून दुर्बीण घालून करतात. नंतर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, जड उचलायचं नाही. पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं थेंब-थेंब टपकलं तर ती सर्दी समजू नका, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. घरी आल्यावर सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियम तपासा. ते नेमकं तेव्हाच घसरतं, आणि घरी सगळे ‘भरपूर पाणी पी’ म्हणत असतात.

मूल वर्गात सर्वांत बुटकं आहे. कधी दाखवायचं?

भिंतीवर पेन्सिलची खूण करा, सहा-सहा महिन्यांनी. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढतं. ४ पेक्षा कमी वाढत असेल तर दाखवा. ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन हाडांच्या वाढीच्या रेषा मिटेपर्यंतच चालतं, म्हणून दहावीनंतर बघू म्हणू नका. मुलीला आठच्या आधी स्तन येऊ लागले किंवा मुलगा नऊच्या आधी वयात येऊ लागला, तरी दाखवा. उंची वाढवणाऱ्या पावडरींवर एक रुपया घालवू नका.

नाशिकमध्ये कुठून सुरुवात करायची, आणि खर्चाचं काय?

पाटीवर ‘हार्मोनतज्ज्ञ’ लिहिलेलं पुरत नाही, पदवीत ‘डीएम’ किंवा ‘डीएनबी’ आणि पुढे एंडोक्रायनॉलॉजी आहे का बघा. सुरुवातीच्या रक्ततपासण्यांसाठी सिव्हिलला विचारा. गुंतागुंतीच्या केसला परळच्या केईएमचा एंडोक्रायनॉलॉजी विभाग आहे. ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. दाखल होऊन पैसे भरल्यावर विचारून उपयोग होत नाही.

फाइलमध्ये रिपोर्ट तारखेने लावा, जुना खाली, नवा वर. एमआरआयचा नुसता कागद चालत नाही, डॉक्टरांना चित्रं बघायची असतात, म्हणून सीडी न्या. निघण्याआधी ती एखाद्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, रिकामी निघाली तर परळहून परत नाशिकची फेरी पडते.